पी ०१३५, ओटू सेन्सर आणि वॉरंटी पुस्तिकेतलं न वाचलेलं पान

तुमच्या एका प्रश्नात चार प्रश्न आहेत, तेव्हा मला समजलं तसं आधी मांडतो. गाडी बीएस ६ पेट्रोल हॅचबॅक, अडीच वर्षांची, ४६ हजार किलोमीटर चाललेली. चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावून पी ०१३५ हा कोड सांगितला. ‘ओटू सेन्सर गेलाय, त्याबरोबर कॅटकॉनही बदलून टाका’ असा सल्ला दिला (ओटू म्हणजे धुरातला ऑक्सिजन ओळखणारा सेन्सर, कॅटकॉन म्हणजे धुरातले घातक वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर), आणि दोन वर्षं किंवा ४० हजार किलोमीटरची वॉरंटी संपली असल्यामुळे खर्च तुमचा, असंही सांगितलं. पुण्यातल्या सुट्या भागांच्या बाजारातून, म्हणजे नाना पेठेतून, सेन्सर आणून ओळखीच्या मेकॅनिककडून बसवला तर चालेल का, हे तुम्हाला हवंय. अमेरिकेतल्या कुठल्याशा व्हिडिओत आठ वर्षांच्या एमिशन वॉरंटीबद्दल, म्हणजे धुराच्या प्रदूषणाशी संबंधित भागांच्या वेगळ्या वॉरंटीबद्दल, ऐकलंत, ती इथे लागू आहे का, हेही. आणि दिवाळीत याच गाडीने दापोलीला जायचंय.

थोडक्यात सांगायचं तर, सेन्सरला अजून कोणाला हात लावू देऊ नका. कॅटकॉनचा विषय आत्ता काढायचाच नाही. आणि गाडीच्या कागदांबरोबर मिळालेली वॉरंटी पुस्तिका शोधून काढा. नेहमीच्या वॉरंटीनंतर तिच्यात एमिशन वॉरंटीचं वेगळं पान असतं. तुम्ही सांगितलेल्या आकड्यांवरून तुमची गाडी त्या पानाच्या मुदतीत अजून बसते. सेन्सर एकदा बाहेर बदलला की तो हक्क गेला, म्हणून क्रम महत्त्वाचा.

आता कोडाकडे येऊ. पी ०१३५ ‘सेन्सर खराब’ असं म्हणत नाही. पहिल्या बँकेतल्या पहिल्या सेन्सरच्या हीटर सर्किटमध्ये गडबड आहे, एवढंच तो म्हणतो. बँक म्हणजे सिलिंडरांची रांग, तुमच्या इंजिनाला ती एकच. पहिला सेन्सर म्हणजे कॅटकॉनच्या आधीचा, इंजिनाकडचा. कॅटकॉनच्या पलीकडे दुसरा असतो, त्याच्या हीटरचा कोड पी ०१४१. अ‍ॅडव्हायझर नुसतं ‘ओटू सेन्सर’ म्हणाला असेल तर कोणता ते विचारून घ्या. दोन्हींचे पार्ट नंबर वेगळे असतात, आणि चुकीचा मागवला की गाडी चार दिवस अडकते.

हीटर कशासाठी, तर झिर्कोनियाचा हा सेन्सर साधारण ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय बोलतच नाही. तापला की धुरातला ऑक्सिजन आणि बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन यांच्या फरकावर स्वतःच व्होल्टेज तयार करतो. मिश्रणात पेट्रोल जास्त झालं तर ०.९ व्होल्टच्या आसपास, हवा जास्त झाली तर ०.१ च्या आसपास. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, त्यावरून पेट्रोल कमी-जास्त करत राहतो, त्यामुळे हे व्होल्टेज सतत वर-खाली नाचत असतं. हीटर बंद पडला तर सेन्सर धुराच्या उष्णतेवर तापायची वाट बघतो. तोवर ईसीयू ठरलेल्या तक्त्यावरून अंदाजाने पेट्रोल सोडतो. कोथरूडहून डेक्कनला जायचं आणि अर्धा तास पार्किंगमध्ये उभं राहून परत यायचं, असं रोजचं चालवणं असेल तर गाडीचा बराचसा वेळ याच अंदाजात जातो. अ‍ॅव्हरेज थोडं घसरतं, सकाळी सुरू केल्यावर धुराला पेट्रोलचा वास येतो, एरवी काही जाणवत नाही. ‘गाडी तर मस्त चालतेय, मग दिवा कसला?’ असं तुम्ही लिहिलंय, त्याचं कारण हेच.

हीटरचं सर्किट अगदी साधं आहे. रिलेतून फ्यूजमध्ये, फ्यूजमधून हीटरच्या एका वायरीला १२ व्होल्ट, आणि दुसरी वायर ईसीयूकडे, जो तिला अर्थ देऊन चालू-बंद करतो. यातला कुठलाही दुवा तुटला तरी कोड हाच येतो. फ्यूज उडाला, वायरी जोडणाऱ्या कपलरमध्ये पाणी गेलं, वायर मॅनिफोल्डला (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या गरम नळीला) चिकटून वितळली, उंदराने कुरतडली, किंवा खरंच हीटरची तार आतून तुटली. पुण्यातल्या सोसायट्यांच्या पार्किंगमधले उंदीर आणि घुशी हा या यादीतला चेष्टेचा भाग नव्हे. गणपती ते दिवाळी या काळात वायरिंग कुरतडलेल्या गाड्यांची रांग लागते, आणि उब धरून राहणाऱ्या मॅनिफोल्डच्या आसपासची वायर त्यांना विशेष आवडते. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत गाड्या बुडाल्या. तशा गाडीत कपलरच्या पिनांवर हिरवा गंज धरतो आणि कोड पुढे कित्येक महिन्यांनीसुद्धा उगवतो. अशा ठिकाणी नवा सेन्सर बसवला तर दिवा आठवडाभर विझतो आणि पुन्हा लागतो. पैसे मात्र गेलेले असतात.

तपासायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. इंजिन थंड असताना सेन्सरचा कपलर सोडायचा. सेन्सरच्या बाजूला, हीटरच्या दोन वायरींमध्ये मल्टिमीटरने ओहम मोजायचे. साध्या सेन्सरमध्ये या दोन वायरींचा रंग बहुधा सारखाच असतो. बॉशच्या साध्या चार वायरच्या सेन्सरमध्ये दोन्ही पांढऱ्या, काळी सिग्नलची आणि राखाडी तिच्या अर्थची. थंड हीटरचा रेझिस्टन्स थोडकाच असतो, मॉडेलनुसार दोन-तीन ओहमपासून चौदा-पंधरापर्यंत. मीटर काहीच दाखवत नसेल, म्हणजे सर्किट उघडं असेल, तर हीटर मेला आणि सेन्सर बदलायला कारण मिळालं. रीडिंग बरोबर आलं तर गाडीच्या बाजूच्या कपलरमध्ये, इग्निशन चालू करून, १२ व्होल्ट येतात का पाहायचं. येत नसतील तर फ्यूज आणि वायरिंग. दोन्ही बाजू ठीक असतील तर पिना सैल आहेत का आणि ईसीयूकडची वायर अखंड आहे का ते बघायचं. ईसीयूच बिघडलाय असं फार क्वचित निघतं, त्यामुळे कोणी पहिल्याच दमात ईसीयूचं नाव घेतलं तर गाडी तिथून हलवा.

कॅटकॉनबद्दल माझं मत ठाम आहे. पी ०१३५ वरून कॅटकॉन बदला म्हणणाऱ्याने एकतर कोडची यादी वाचलेली नाही, किंवा वाचूनही तुम्हाला सांगितलेली नाही. कॅटकॉनचं काम घसरलं की येणारा कोड पी ०४२०, आणि तो ईसीयू ठरवतो मागच्या सेन्सरवरून. पुढचा सेन्सर नाचत असताना मागच्याचं व्होल्टेज ०.६-०.७ च्या आसपास बऱ्यापैकी स्थिर राहिलं तर कॅटकॉन काम करतोय. मागचाही पुढच्यासारखाच नाचायला लागला तर शंका घ्यायची. त्यातली मेख अशी, की पुढच्या सेन्सरचा हीटर कोड उभा असताना बहुतेक गाड्यांत ईसीयू कॅटकॉनची परीक्षा घेतच नाही. म्हणजे तुमच्या गाडीचा कॅटकॉन आज नापास झालेला नाही, त्याचा पेपरच झालेला नाही. आधी सेन्सरचं काम निस्तरा. नंतर पी ०४२० आला तर बघू, आणि तेव्हासुद्धा आधी सायलेन्सरच्या जोडांतून हवा आत खेचली जातेय का ते पाहावं लागेल. कॅटकॉनमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं. त्यामुळे नव्याची किंमत सेन्सरच्या कित्येक पट असते आणि जुन्यालाही भंगारात चांगला भाव मिळतो. कधी बदलावाच लागला तर जुना कुठे गेला, ते विचारायला लाजू नका.

आता वॉरंटी. भारतातल्या वाहन कंपन्या १ जुलै २००१ पासून एमिशन वॉरंटी वेगळी देतात. पुस्तिकांमध्ये तिची मुदत सर्वसाधारणपणे चारचाकीला ३ वर्षं किंवा ८०,००० किलोमीटर, यातलं जे आधी होईल ते, आणि दुचाकीला ३ वर्षं किंवा ३०,००० किलोमीटर अशी असते. पहिल्या मालकाला विक्री झाली त्या तारखेपासून मोजायची. त्या पानावर भागांची यादी छापलेली असते. ईसीयू, कॅटकॉन, ऑक्सिजन सेन्सर, इंजेक्टर अशी नावं त्यात बघायची. तुमच्या मॉडेलच्या यादीत ऑक्सिजन सेन्सर आहे का, हे स्वतः बोट ठेवून वाचा. अ‍ॅडव्हायझरच्या स्क्रीनवर ‘वॉरंटी संपली’ असं दिसतं ती मूळ वॉरंटी, दोन वर्षांची. तो तेवढंच बघून सांगतो, बहुतेक वेळा त्यात लबाडी नसते. एमिशन वॉरंटीचा क्लेम इतका कमी येतो की काउंटरवरच्या नव्या पोराला ते पान माहीतच नसतं. (हल्ली मूळ वॉरंटीच लांबली आहे. मारुतीने जुलै २०२४ पासून ती ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर केली. अशा गाडीला या सेन्सरपुरतं एमिशनच्या पानापर्यंत जायची गरज पडत नाही. तुमच्यासारख्या, दोन वर्षांच्या वॉरंटीवर घेतलेल्या गाड्यांनाच ते पान कामाला येतं.) एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली असेल तर तीही काढा, आणि तिच्यात काय दिलंय यापेक्षा काय वगळलंय ते वाचा.

या वॉरंटीच्या अटी मात्र चिकट आहेत, आणि क्लेम तिथेच अडकतो.

पहिली अट पीयूसीची. बिघाड लक्षात आला तेव्हा, आणि त्याच्या लगेच आधीच्या काळात, पीयूसी वैध असावं लागतं. बीएस ६ गाडीला पहिलं वर्ष पीयूसी लागत नाही, पुढे ते वर्षाचं मिळतं, आणि पहिलंच नूतनीकरण लोक हमखास विसरतात. तारीख उलटून गेलेली असेल तर क्लेम फेटाळायला कंपनीला आयतं कारण मिळालं. (शिवाय पीयूसी नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली १० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो तो वेगळाच.) दुसरी अट सर्व्हिसची. ठरल्या किलोमीटरला, अधिकृत ठिकाणी, नोंदीसह. तिसरी अट तुम्हाला सर्वांत जास्त छळणार आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ११५(२) मधली, वापरातल्या गाड्यांसाठीची उत्सर्जन मर्यादा गाडीने ओलांडलेली असावी, अशा अर्थाचं वाक्य या पानांवर असतं.

अडचण कुठे ते सांगतो. बीएस ४ आणि बीएस ६ पेट्रोल गाडीची पीयूसी चाचणी इंजिन तापल्यावर दोनदा होते. आयडलला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत हवं. मग रेस देऊन, साधारण २५०० आरपीएमला, कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्क्याच्या आत आणि लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण आदर्श प्रमाणाच्या किती पट आहे तो आकडा) १ च्या अलीकडे-पलीकडे ०.०३ मध्ये. हीटर गेलेला सेन्सर इंजिन तापल्यावर धुराच्या उष्णतेवर काम करू लागतो, म्हणून अशी गाडी पीयूसी आरामात पास होते. मग सेंटर म्हणणार, ‘मर्यादेत आहे ना, मग एमिशन वॉरंटी कसली?’ यावर माझा सल्ला असा. त्यांनीच चाचणी करावी आणि छापील आकडे द्यावेत, असं म्हणा. लॅम्डाचा आकडा त्यात असलाच पाहिजे. आकडे मर्यादेबाहेर असतील तर विषय मिटला. आत असतील तर लिहून द्या, की वॉरंटीच्या यादीतल्या भागामुळे गाडीच्या स्वतःच्या ओबीडी (बिघाड नोंदवणाऱ्या) यंत्रणेने उत्सर्जनातला दोष नोंदवला आहे, चेक इंजिनचा दिवा त्यासाठीच आहे, आणि हा भाग निर्मितीदोषामुळे मुदतीत निकामी झाला आहे. सर्व्हिस मॅनेजरच्या पातळीवर हे चालेल असं नाही. पण कंपनीच्या ग्राहक विभागाला पाठवलेल्या ई-मेलला सेंटर सहसा घाबरतं, आणि अशा सेन्सरच्या रकमेवर वाद घालण्यापेक्षा सद्भावनेच्या नावाखाली भाग फुकट देणं आणि लेबर तेवढं लावणं कंपनीला परवडतं. हे मी पुन्हा पुन्हा होताना पाहिलंय.

आणखी एक खाच. त्याच पानावर लिहिलेलं असतं, की यादीतला भाग बदलताना जे इतर भाग लागतील ते यादीत नसतील तर त्यांचे पैसे ग्राहकाचे. आणि तपासणीत वॉरंटीचा दोष निघाला नाही तर तपासणीचा खर्चही ग्राहकाचा. म्हणून गाडी उभी करायच्या आधी मल्टिमीटरची ती दहा मिनिटांची तपासणी कुठल्याही चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, फक्त कपलर सोडून, सेन्सर न काढता. वायर उंदराने खाल्लेली निघाली तर वॉरंटीचा प्रश्नच उरत नाही. तो विम्याकडे विचारायचा, किंवा वायर सोल्डर करून मोकळं व्हायचा विषय. हीटर उघडा निघाला तर सेंटरच्या काउंटरवर तुम्ही हातात आकडा घेऊन उभे राहता.

सेंटरला जाताना आणखी तीन गोष्टी सांभाळा. कोड कोणालाही पुसू देऊ नका. कोडबरोबर फ्रीझ फ्रेम असते, म्हणजे दिवा लागला त्या क्षणी वेग, आरपीएम, इंजिनचं तापमान काय होतं याची नोंद, आणि कोड पुसला की तीही जाते. स्कॅनरच्या स्क्रीनचा फोटो काढा. जॉब कार्डवर ‘चेक इंजिन लाइट’ एवढंच न लिहिता कोड, किलोमीटर आणि ‘एमिशन वॉरंटीखाली तपासणीची मागणी’ हे शब्द लिहून घ्या. क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा. ‘सर, सिस्टिम घेत नाही’ हे कारण नव्हे. लेखी नकार हातात असेल तर कंपनीच्या ग्राहक विभागाला, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला, आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. आयोगाकडे जायला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही. काही जण म्हणतात, वर टेकडीवर एआरएआय आहे, तिथे तक्रार करा. एआरएआय गाडीच्या मॉडेलला मंजुरी देण्याच्या चाचण्या करते. एका ग्राहकाची वॉरंटीची तक्रार हे तिचं काम नाही.

अमेरिकी व्हिडिओचं सांगून टाकतो, कारण तो घोळ मी बरेचदा ऐकतो. तिथल्या संघीय कायद्यात ८ वर्षं किंवा ८०,००० मैलांची मुदत आहे ती कॅटकॉन, ईसीयू अशा मोजक्या महागड्या भागांना. ऑक्सिजन सेन्सर तिथे २ वर्षं किंवा २४,००० मैलांच्या सर्वसाधारण यादीत येतो. कॅलिफोर्नियाचे नियम वेगळे, तिथे साधारण भागांना ३ वर्षं किंवा ५०,००० मैल आणि महागड्या भागांना ७ वर्षं किंवा ७०,००० मैल. यातलं काहीही पुण्यात विकलेल्या गाडीला लागू नाही. आपल्याकडचा ८०,००० चा आकडा किलोमीटरचा आहे आणि त्याच्यासोबत वर्षं तीन आहेत. तिकडे ८०,००० ऐकून इकडे ८०,००० छापलेलं दिसलं की लोक दोन्ही एकच समजतात आणि चौथ्या वर्षी सेंटरमध्ये भांडायला जातात.

बाहेर सर्व्हिस केली तर वॉरंटी जाते का, हेही तुम्ही ओझरतं विचारलंय. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना सुट्या भागांच्या प्रकरणात दंड केला, तेव्हा बाहेरच्या गॅरेजमध्ये गेल्याबद्दल सरसकट वॉरंटी रद्द करू नये, असंही म्हटलं होतं. त्यावर पुढे अपिलं झाली. व्यवहारात, मुदत उरलेली असेपर्यंत सर्व्हिस अधिकृत ठिकाणीच करा आणि तत्त्वाची लढाई दुसऱ्या कोणाला लढू द्या.

क्लेम नाकारला गेलाच आणि हीटर उघडा निघाला, तर बाहेरून बदलण्यात मला काही गैर वाटत नाही. पण खरेदी नीट करा. नाना पेठेत एकाच गाडीला चालणारे तीन-चार सेन्सर समोर ठेवतील. आधी स्वतःच्या सेन्सरवरचा नंबर वाचा, किंवा चासी नंबरवरून पार्ट नंबर काढा, आणि तोच मागा. बॉश, डेन्सो, एनटीके यांचा मूळ बसवलेल्या सेन्सरशी जुळणारा भाग घ्या. वायर कापून जोडायचे ‘युनिव्हर्सल’ सेन्सर मी बसवत नाही. दुसरं म्हणजे तुमच्या गाडीत पुढचा सेन्सर साधा आहे की वाइडबँड, ते पाहा. बऱ्याच बीएस ६ गाड्यांत पुढे वाइडबँड असतो. तो ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये नाचत नाही, त्याचं काम करंटवर चालतं आणि ते स्कॅनरवरच दिसतं. त्याच्या जागी साधा बसत नाही आणि साध्याच्या जागी तो चालत नाही, कपलर जुळला तरी.

बसवण्याचं काम अवघड नाही, हात हलका हवा. इंजिन कोमट असताना काढायचा. अगदी थंड असताना आटे घट्ट बसलेले असतात, आणि गरम असताना हात भाजतो. जुन्या गाडीला आदल्या रात्री आट्यांवर पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवायचं. बहुतेक सेन्सरना २२ मिमीचा पाना लागतो. वायर बाहेर काढायला फट असलेली खास गोटी (सॉकेट) मिळते, तीच वापरावी. साध्या पान्याने कडा गोल होतात. अडला तर जोर लावून एका दिशेने ओढायचं नाही. अर्धा फेरा मागे, पाव फेरा पुढे असं करत आणायचं. आटे एम १८, पिच १.५. ते गेले तर मॅनिफोल्ड काढायची वेळ येते. नव्या सेन्सरच्या आट्यांना बहुधा अँटी-सीझ लावूनच येतं, नसेल तर आट्यांनाच किंचित लावा, टोकाच्या जाळीला अजिबात नको. हाताने शेवटपर्यंत फिरवा, मग टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्याला. साधारण ४० ते ५० न्यूटन-मीटर लागतो. घट्ट करून झाल्यावरच कपलर जोडा, नाहीतर वायर पिळली जाते. वायर तिच्या मूळ क्लिपांमध्येच बसवा. आणि सेन्सर हातातून फरशीवर पडला असेल तर तो बसवू नका. आतलं सिरॅमिक तडकतं आणि बाहेरून काही दिसत नाही.

कपलरमध्ये ग्रीस किंवा कॉन्टॅक्ट स्प्रे भरायची आपल्याकडे सवय आहे, विशेषतः पावसाळ्याआधी. ऑक्सिजन सेन्सरच्या बाबतीत ती सोडा. बाहेरच्या हवेशी तुलना करायला त्याला लागणारी हवा बऱ्याच सेन्सरमध्ये वायरींच्या बारीक तारांमधूनच आत जाते. ती वाट बुजली की सेन्सर खोटं बोलायला लागतो. मे महिन्यात अंडरबॉडी कोटिंग करून घेता ना, तेव्हाही मागच्या सेन्सरवर आणि त्याच्या वायरीवर कागद गुंडाळायला सांगा. काळ्या रबराच्या थराखाली बुडालेले सेन्सर दर पावसाळ्यात दिसतात. सिलिकॉन हा दुसरा शत्रू. टॅपेट कव्हरचं पॅकिंग म्हणून सेन्सरला न चालणारं सीलंट फासलं की त्याची वाफ इंजिनातून सेन्सरपर्यंत जाते आणि टोकावर पांढरा थर बसतो. जुना सेन्सर काढल्यावर म्हणूनच त्याचं टोक बघायचं असतं. पांढरं असेल तर सिलिकॉन किंवा कूलंट, काळं आणि कोरडं असेल तर जास्त पेट्रोल, काळं आणि चिकट असेल तर ऑइल जळतंय. यातलं काही दिसलं आणि कारण न शोधता नवा बसवला, तर तोही त्याच वाटेने जाणार.

मिश्रणाच्या कोडांबद्दलही एक वाक्य. पी ०१७१ म्हणजे हवा जास्त, पी ०१७२ म्हणजे पेट्रोल जास्त. हे आले म्हणून सेन्सर बदलणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलणं. फाटलेली व्हॅक्यूम होज, घाण इंजेक्टर, कमी इंधन दाब हे आधी बघावं लागतं. जुन्या गाड्यांत इ२० पेट्रोलमुळेही फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोलच्या प्रमाणात करतो ती टक्क्यांतली दुरुस्ती) वर सरकतो, कारण शुद्ध पेट्रोलला १४.७ पट हवा लागते, तर वीस टक्के इथेनॉल मिसळलं की साधारण १३.५. सेन्सर तेच प्रामाणिकपणे सांगत असतो. बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाडीत, किटवाल्याने ओटू सेन्सरच्या सिग्नल वायरीवर जोड मारलाय का, ते सर्वांत आधी पाहतो. तिथे वॉरंटीचंही नाव काढायची सोय नसते.

सेन्सर बदलल्यावर कोड पुसून लगेच पीयूसीला किंवा सेंटरला जाऊ नका. ईसीयूच्या स्वतःच्या चाचण्या पुन्हा पूर्ण व्हाव्या लागतात, त्यासाठी थंड इंजिनापासून सुरुवात आणि मग एकसारख्या वेगाने काही अंतर हवं. सकाळी लवकर निघून चांदणी चौकातून बायपासने खेड शिवापूरपर्यंत जाऊन या. रात्रभर उभी राहिलेली गाडी, सत्तर-ऐंशीचा स्थिर वेग, मग परतीची शहरातली गर्दी, सगळं त्यात येतं. घरी आल्यावर स्कॅनरवर प्रलंबित कोड नाही ना आणि लाँग टर्म ट्रिम उणे दहा ते अधिक दहा टक्क्यांच्या आत आहे ना, एवढं पाहा.

राहिलं दापोलीचं. पी ०१३५ असताना दिवा पिवळा, स्थिर आहे आणि गाडी झटके देत नाही, तोवर खुशाल जा. ताम्हिणीच्या चढणीवर सेन्सर हीटरशिवायही तापलेलाच असतो, पेट्रोल थोडं जास्त जाईल इतकंच. निघण्याआधी तो कोड एकटाच आहे ना, ते पाहून घ्या, आणि पीयूसीची तारीख तपासा. वाटेत दिवा लुकलुकायला लागला आणि इंजिन थरथरलं तर ते मिसफायर आहे, सेन्सरचं दुखणं नव्हे. न जळलेलं पेट्रोल कॅटकॉनमध्ये जाऊन पेटतं आणि आजवर धड असलेला कॅटकॉन काही किलोमीटरांत वितळतो. तेव्हा गाडी बाजूला घ्या, बंद करा आणि टोइंगला फोन करा.